आपल्या उन्हाला झेपेल असा सोबती

देवपूर, धुळे
आखाजीनंतरचा रविवार

चि. सौ. ताईस,


आखाजीला तू माहेरी आलीस तेव्हा घर इतकं भरलेलं होतं की तुझ्या प्रश्नाला धड उत्तर देता आलं नाही. बारक्याला कुत्रा हवाय, जावईबापूंनी हस्कीचं पिल्लू बघून ठेवलंय आणि सासूबाईंचा विरोध नसला तरी त्यांना धास्ती वाटते, एवढं तू झोक्यापाशी उभी राहून सांगितलंस. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं साक्री तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेली. गाई-म्हशी आणि मेंढ्यांच्या बरोबरीने कुत्रीही पुष्कळ हाताखालून गेली. म्हणून हे सविस्तर लिहितोय. जावईबापूंनाही वाचायला दे.

हस्की आणू नका. त्या कुत्र्यात खोट नाही, उलट ते फार गुणी जनावर आहे. ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठी ते घडवलं. बारक्याने बाल्टो नावाच्या कुत्र्याचा सिनेमा पाहिलाय ना, ती गोष्ट मुळात खरी आहे. 1925 च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध पोचवायला रस्ता नव्हता. तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने जवळजवळ 1,100 किलोमीटर बर्फ तुडवून साडेपाच दिवसांत ते गावात आणलं. त्या वाटेवर पारा शून्याखाली 40 अंशांच्या आसपास होता. आपल्याकडे मे महिन्यात तोच पारा शून्याच्या वर 45 ला टेकतो. मे 2024 मधली लाट आठव. भर दुपारी कामगारांना उघड्यावर राबवू नका, असा आदेश तुमच्या जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 खाली काढावा लागला होता. जिथे माणसासाठी असा हुकूम निघतो, तिथे दुहेरी केसांचा कोट जन्मभर अंगावर वागवणारं जनावर आणून ठेवायचं, हे मला क्रूरपणाचं वाटतं.

'एसी लावू' हे उत्तर मी धुळ्यातही ऐकलंय. पण हस्कीला पळायला हवं असतं, नुसतं गार खोलीत पडून राहायला नव्हे. पळणं मिळालं नाही की ते दार कुरतडतं, गाद्या फाडतं, रात्री गळा काढतं. इथल्या एका बंगल्यात उन्हाळ्यात बिचाऱ्याचं अंग वस्तऱ्याने साफ केलेलं मी पाहिलं. मालकांना वाटलं, गार वाटेल. त्या कोटाचा वरचा थर ऊनही अडवतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाठीची कातडी भाजून लाल झाली होती.

पगचा हट्टही कुणी धरेल. 2003 च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो मुलाच्या मागे मागे फिरला आणि घरोघरी पोचला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर काढतं. चपट्या नाकाच्या कुत्र्याची हवेची वाटच अरुंद, त्यामुळे धापही पुरी पडत नाही. लॅब्राडॉर स्वभावाने सोन्यासारखा, पण त्याला भुकेचं भान नसतं. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली असं आढळलं की साधारण एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये भूक भागल्याची जाणीव मंदावणारा जनुकीय बदल असतो. फ्लॅटमध्ये, लाडाच्या घरात, तो दोन वर्षांत पिंपासारखा होतो आणि मग सांधे धरतात. जर्मन शेफर्डला रोज डोक्याला आणि पायांना काम लागतं. ते देणारा माणूस तुमच्या घरात आज कुणी नाही.

खरा विचार करायचा तो इथेच. तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडता, संध्याकाळी सहाला येता. बारक्या शाळेत, मग शिकवणीला. म्हणजे कुत्रा हौस करणाऱ्या तिघांपाशी राहणारच नाही, राहणार तो सासूबाईंपाशी. चौथ्या मजल्यावर, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, लिफ्टमधून त्याला खाली नेणार त्या. तेव्हा निवड त्यांच्या हाताला पेलेल अशा कुत्र्याची व्हायला हवी. पट्ट्याला हिसका बसला तर त्या पडता कामा नयेत. ही अट घातली की अर्धी यादी आपोआप गळते.

जावईबापूंनी देशी जातींचंही विचारलं होतं, त्याचा मला फार आनंद झाला. कारवानी हा आपल्या महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा कुत्रा. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात, कारण मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि पंचम जॉर्ज यांना तिची जोडी भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता, आणि पुढे सैन्यानेही मीरतच्या केंद्रात ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. उंच, सडपातळ, आखूड केसांचं, उन्हाला न डगमगणारं देखणं जनावर. पण हे नजरेने शिकार धरणारं कुत्रं आहे. दूरवर काही हललं की क्षणात सुटतं आणि मग हाक ऐकत नाही. मोकळं शेत असलेल्या माणसाने ते जरूर पाळावं. रिंग रोडच्या गर्दीत ते सासूबाईंच्या हाती देऊ नये.

माझं मत स्पष्ट आहे. गावठी पिल्लू आणा, त्यातही मादी. साधारण 15 ते 18 किलोंची होते, केस आखूड, पोट काटक, आणि आपल्या उन्हापावसात पिढ्यान्पिढ्या टिकून आलेली. विकत घ्यायची नाही, म्हणून कुणी हलकी समजेल, समजू दे. बुद्धीला ती कुणाला हार जात नाही. वयात आली की डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या.

पिल्लू निवडताना आई बघा. आई माणसांना बुजणारी किंवा अंगावर येणारी असेल तर ते वेत सोडून द्या. पिल्लांच्या जवळ खाली बसा आणि गप्प राहा. सगळ्यांना ढकलून अंगावर उडी घेणारं नको, कोपऱ्यात तोंड खुपसून बसणारंही नको. एकदा टाळी वाजवा. दचकून मागे सरकलं आणि थोड्या वेळाने कुतूहलाने परत हुंगायला आलं, ते तुमचं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. 2017 च्या केंद्राच्या नियमांनी तर त्याहून लहान पिल्लाची विक्रीच बंद केली आहे. आई आणि भावंडं त्याला चावा किती जोरात घ्यायचा हे शिकवतात, ते आपल्याला नंतर शिकवता येत नाही.

आता शिकवण्याचं. मी पाहिलेली कुत्र्यांची सर्वांत चांगली शाळा साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर भरते. मेंढ्या शेतात बसवलेल्या असतात, कडेला बिऱ्हाड, आणि तिथेच व्यालेल्या कुत्रीची पिल्लं कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपतात. त्यांना कुणी शिकवायला बसत नाही. डोळे उघडल्यापासून मेंढीचा वास, घोड्याची टाप, पोरांचा गोंगाट, परक्या गावाची वाट हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडतं. मोठं झाल्यावर तेच कुत्रं रात्री लांडग्याच्या चाहुलीला उठतं, पण कोकराला दात लावत नाही. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून 1965 साली जे पुस्तक लिहिलं, त्यातही हेच आहे: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे जे निर्धास्तपणे अनुभवतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. ती वेळ निघून गेली की प्रत्येक नवी गोष्ट परकी आणि भीतीची होते. लोक 'चावरा निघाला' म्हणतात त्यातली कितीतरी कुत्री खरं तर भित्री असतात.

तुमच्याकडे पिल्लू येईल तेव्हा या वेळेचा महिनाभरच उरला असेल, आणि लसी पुऱ्या झालेल्या नसतील. पार्व्होने रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, म्हणून इतर कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडायचं नाही. पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही. कडेवर घेऊन न्या. फुले मार्केटचा गोंगाट, देवळाची घंटा, रिक्षा, लग्नाचा बँड, गणवेशातली पोरं, काठीवाले आजोबा, सगळं लांबून दाखवा. घाबरलं तर आणखी लांब जा आणि तोंडात काहीतरी गोड घास द्या. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्टचं दार यांची ओळखही अशीच.

शी-शूचं वेळापत्रक सोपं असतं: झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून थांबलं की लगेच खाली न्यायचं. योग्य जागी झालं की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी. घरात झालं तर मुकाट्याने पुसून घ्या. त्यात नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं हे प्रकार तुमच्या घरात होता कामा नयेत. मार खाल्लेलं पिल्लू तुमच्यासमोर करायचं टाळतं आणि पलंगाखाली जाऊन करतं. खाली केलेली घाण उचलायचं काम बारक्याचं. कुत्रा माझा म्हणतो ना, मग हेही त्याचं.

आज्ञा चार पुरेत: बसणं, थांबणं, येणं आणि तोंडातलं सोडणं. पण घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. बारक्या 'सिट' म्हणणार, जावईबापू 'बस' म्हणणार, सासूबाई अहिराणीत 'बठ' म्हणणार, तर त्या जिवाने काय समजायचं? सासूबाईंचा शब्द घरात चालू द्या. 'बठ' आणि 'आठे ये'. दिवसभर त्याच तर बोलणार आहेत त्याच्याशी. घास नाकावरून मागे नेला की पिल्लू आपोआप बसतं, त्या क्षणी शब्द उच्चारायचा आणि घास द्यायचा. थोडा वेळच शिकवा, पण रोज. हाकेला आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नका, मग ते कितीही उशिरा आलेलं असो.

एकटं राहायची सवयही शिकवावी लागते. आधी मिनिटभर दाराबाहेर, मग पाच, मग पंधरा. सासूबाईंना धुळ्याला लग्नाला यायचं असेल तेव्हा कुत्रं भुंकून मजला डोक्यावर घेणार नाही, याची तजवीज आतापासून करायची. साखळीला दिवसभर बांधून मात्र ठेवू नका. बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही हे त्याला कळतं, आणि मग ते दात दाखवतं.

उन्हाळ्यात मेहरूण तलावावर सूर्य उगवायच्या आत जाऊन या, नंतर थेट रात्री जेवणं झाल्यावर. डांबरावर आपला पालथा हात ठेवून पाहा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. घरात पसरट मातीच्या भांड्यात पाणी आणि बसायला ओलं पोतं. जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट आली, चालताना झोकांड्या गेल्या तर ऊन लागलंय. साधं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली घ्या आणि लगेच डॉक्टरांकडे पळा. पावसाळा लागला की रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. गोचिडीचा ताप कुत्र्याचं रक्त खातो आणि सुरुवातीला फक्त 'आज जेवलं नाही' एवढंच दिसतं.

खाण्यात भाकरी, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं कोंबडीचं मटण हाडं काढून, असं चालेल. केळ्याचा तुकडा चालेल. आपलं भरीत आणि शेवभाजी मात्र नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, चॉकलेटही विषच. बारक्याच्या खिशावर नजर ठेवा.

आणि 'नाहीच जमलं तर रावेरच्या मळ्यात सोडू' हे जावईबापूंचं वाक्य मला खटकलं, म्हणून लिहितो. सातपुड्याच्या पायथ्याला केळीच्या बागांत बिबट्या येतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला होता. मळ्यातल्या कुत्र्याला जन्मापासून ती चाहूल ठाऊक असते. सोफ्यावर वाढलेल्या कुत्र्याला तिथे नेऊन सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणं.

घाई करू नका. उन्हाचा कहर ओसरू दे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी न चुकता. बारक्याला कुठल्याही कुत्र्याचा, अगदी घरच्याही, दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीज एकदा उठला की माणूस वाचत नाही.

हे कुत्रं तेरा-चौदा वर्षं तुमच्यात राहणार. बारक्या कॉलेजात जाईल तेव्हाही ते दारात असेल. चौघांनी एकत्र बसून ठरवा, आणि सासूबाईंनी मनापासून हो म्हटलं तरच मला कळव. मृगाचा पाऊस पडला की मी जळगावला येतो, पिल्लू आपण मिळून निवडू.

तुझा,
काका