ताईंचा फोन आणि आमचे हेडफोन

आम्ही उभयता १९७१ साली ठाण्याहून आलिया करून इकडे आलो आणि तेव्हापासून अश्दोदलाच आहोत. ताई (एकाची सख्खी बहीण, दुसरीची नणंद) मात्र ठाण्यालाच राहिल्या. सुरुवातीची वर्षे पत्रांवर गेली. पुढे कोणी जाणारे-येणारे भेटले की त्यांच्याबरोबर बोलणे भरलेली कॅसेट पाठवायची अशी पद्धत पडली. ताईंची कॅसेट आली की आम्ही ती एकाच बैठकीत दोनदा ऐकत असू. आता फोन रोज होतो. आमचे पाच वाजले की उन्हाळ्यात त्यांचे साडेसात होतात, हिवाळ्यात साडेआठ. ताई आता ८६ वर्षांच्या आहेत. तेव्हा हा फोन म्हणजे आमच्या दिवसाचे मुख्य काम, असे म्हटले तरी चालेल.

हेडफोन घेण्याचे कारण तसे साधे होते. फोन धरून मनगट दुखे, आणि स्वयंपाक करताना गाणी ऐकण्याची हौस आम्हा दोघांनाही आहे. इकडे हिब्रूत ह्या वस्तूला ओझनियोत म्हणतात. ओझन म्हणजे कान, त्यावरून ते नाव. बाजारातून नव्वद शेकेलची एक बिनतारी जोडी आणली. कानात बसणारी, वालाच्या दाण्याएवढी. गाणी इतकी सुरेख ऐकू आली की आम्ही खूष झालो आणि ताईंचे फोनही त्यावरच घेऊ लागलो.

त्यानंतर ताईंचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. चाळीस मिनिटांचा फोन दहा मिनिटांवर आला. "बरं, ठेवते आता," असे त्या मध्येच म्हणत. आम्ही म्हटले, वय झाले, थकत असतील. पेसाहच्या आधी भाचीचा फोन आला. ती जरा चाचरत म्हणाली, "मामी, एक विचारू? आमचं काही चुकलं का? आई म्हणते, तुम्ही दोघं हल्ली तोंडात मिठाची गुळणी धरून बसता. ती बोलते आणि तुम्ही नुसतं हं-हं करता."

आम्ही तर रोज घसा कोरडा पडेपर्यंत बोलत होतो! मग भाचीलाच फोनवर धरून आम्ही ते दाणे कानातून काढले आणि फोन तोंडाशी धरून बोललो. ती एकदम म्हणाली, "आत्ता कसं स्वच्छ येतंय!" म्हणजे दोन महिने ताईंना आमची निम्मीअर्धी वाक्ये पोहोचतच नव्हती, आणि त्या बिचाऱ्या मनात काहीबाही धरून बसल्या होत्या.

हे असे का होते, याचा आम्ही मग नातवाला बसवून उलगडा करून घेतला. कानातल्या यंत्राचा माईक तोंडापासून चांगला चार बोटे दूर असतो. त्यामुळे त्याला आपल्या आवाजाबरोबर पंखा, रस्ता, नळ सगळेच ऐकू येते. यातले बोलणे कोणते आणि गोंगाट कोणता हे ते यंत्र अंदाजाने ठरवते व गोंगाट कापून टाकते. स्वस्त यंत्राचा अंदाज कच्चा. त्यात आमच्यासारखा म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाज असला, की त्यालाही तो पंख्याच्या हिशेबात काढून कात्री लावतो.

दुसरी गोष्ट अशी की ब्लूटूथ गाण्यासाठी वेगळ्या रीतीने चालते आणि फोनसाठी वेगळ्या. गाणे एकाच दिशेने यायचे असते, म्हणून दोन्ही कानांना वेगवेगळा, भरघोस आवाज देता येतो. फोनवर मात्र आवाज जायचाही असतो आणि यायचाही. मग त्याच वाटेत दोघांना जागा करताना दोन कानांचा एकच आवाज होतो आणि त्याचा कसही उतरतो. गाण्यावर खूष होऊन हेडफोन घेतला आणि फोन आल्यावर डब्यातून बोलल्यासारखे वाटले, असे झाले तर यंत्र बिघडले असे समजू नये. ही अडचण कमी करणारी नवी पद्धत २०२० साली जाहीर झाली, परंतु ती फोन आणि हेडफोन दोन्हींत असावी लागते. आमच्या फोनात ती नाही, तेव्हा तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नव्हता.

दुकानातला तरुण मुलगा आम्हाला पुन्हापुन्हा एकच महागडा हेडफोन दाखवीत होता, गोंगाट मारणारा. आम्ही म्हटले, बाबा, गोंगाट कोणाच्या कानातला मारतो? आमच्या की ठाण्याच्या? तो हसला, पण प्रश्न खरा होता. ह्या प्रकारात बाहेरचा आवाज टिपून त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडतात, म्हणजे एकीने दुसरी मिटते. बंगाली वडिलांचे पुत्र अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली असे सांगतात. विमानाची किंवा बसची सततची घरघर यात उत्तम मरते, माणसांचे बोलणे तेवढे मरत नाही. पण हा सगळा लाभ ऐकणाऱ्याचा. पलीकडच्या माणसाला आपला आवाज कसा जातो हे माईकवर अवलंबून असते, आणि दुकानात माईकची परीक्षा कोणी घेत नाही. सगळे गाणे लावतात आणि मान डोलावतात.

आम्ही परीक्षा घेतली. आमच्यापैकी एकाने हेडफोन घालून बसथांब्याजवळ उभे राहायचे आणि दुसऱ्याने दुकानात फोन कानाला लावून ऐकायचे. बोलायला काही सुचेना, म्हणून हिंदुस्थानातल्या शाळेत पाठ केलेले पाढे म्हटले. तेराचा पाढा एका यंत्रात बसच्या आवाजाखाली बुडाला, दुसऱ्यात तेरा पाचे पासष्टनंतर एकदम तेरा आठे चौऱ्याण्णव नव्हे, एकशेचार आले (हा दोष यंत्राचा नसून बोलणाऱ्याचा, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे). महागडा हेडफोनही मध्यम ठरला. शेवटी जो स्वच्छ ऐकू आला तो दिसायला अगदीच साधा, कचेरीत वापरतात तसला, दोन्ही कानांवर गाद्या आणि तोंडापर्यंत येणारी माईकची दांडी. दांडी वर केली की माईक बंद. किंमत महागड्याच्या निम्मी. गाद्या झिजल्या तर बदलता येतात, हेही आम्हाला पटले.

गाण्यांचे काय, असे वाचक विचारतील. गाण्याला तो बरा आहे, उत्कृष्ट नाही. पण आम्ही ऐकतो ती रेडिओ सिलोनच्या काळातली गाणी. ती बहुतेक एकाच वाहिनीवर मुद्रित झालेली, म्हणून दोन्ही कानांत तेच यायचे. जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आपल्या कीर्तनांचीही तीच गत. त्यांची खरखर महागड्या यंत्रात उलट जास्त ऐकू येते!

एका बाबतीत मात्र आम्ही कडक नियम केला आहे. अश्दोदला भोंगा झाला की ४५ सेकंदांत आडोशाला पोहोचायचे असते. २०२५ च्या जूनमध्ये मुलीचा गोंगाट मारणारा हेडफोन घालून आमच्यापैकी एक जण गाणे ऐकत बसला होता. भोंगा झाला आणि त्याला पत्ताच नाही. दुसरीने दंड धरून उठवले तेव्हा तो "काय झालं?" असे विचारत होता. त्यातले किती सेकंद गेले ते आम्ही मोजले नाहीत. तेव्हापासून घरात दोघांनी एकाच वेळी हेडफोन घालायचा नाही, आणि जो घालील त्याने एक कान मोकळा ठेवायचा.

आवाज फार मोठा ठेवू नये हे सर्वांना ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांनी ते कानात ठेवूनच हेडफोन घालून पाहावा. काहींत शिट्टी वाजते.

नव्या हेडफोनवर ताईंना पहिला फोन केला तेव्हा आम्ही आधी सगळी हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला आता माझा कंटाळा आला." त्या दिवशी बोलणे तासाच्या वर गेले.

पण पंधरा दिवसांनी त्यांची नवीच तक्रार! "तुमचा आवाज येतो गं, पण घर कुठे गेलं? पोरं नाहीत का घरात? भांडं पडल्याचासुद्धा आवाज नाही." दांडीचा माईक आपले काम इतके चोख करीत होता की आमच्या बोलण्याखेरीज पलीकडे काहीच जात नव्हते.

म्हणून शुक्रवारी आम्ही हेडफोन लावीतच नाही. शब्बाथ शिरण्यापूर्वी, दुपारी, फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडा ठेवतो. नातवंडे येतात-जातात, कोणी हिब्रूत ओरडते, ताई तिकडे ऐकत बसतात. गेल्या शुक्रवारी मध्येच म्हणाल्या, "मासे तळतेयस ना? तेल फार तापलंय. गॅस बारीक कर."