न्हाणीतली चांदणी

आजीच्या न्हाणीत शिरलं की आधी बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, मग ओल्या शिकेकाईचा वास यायचा, आणि मग कोपऱ्यातून तो आवाज, खर्र, खर्र, मध्येच थांबून पुन्हा खर्र, कारण पाय धुताना आजी घाई म्हणून करायची नाही, आणि लोणारच्या उन्हात भेगाळलेल्या टाचा घासायला तिच्याजवळ वज्री नव्हती, होती ती चांदणी.

मुठीएवढा काळा दगड, अंगभर भोकं पडलेला. आबांनी तो कमळजादेवीला जाऊन येताना विवरातून उचलून आणला होता म्हणे. आभाळातून जे पडलं आणि १.८ किलोमीटर रुंदीचं हे भगदाड पाडून गेलं, त्याचाच हा कपचा, असं घरात सगळ्यांचं ठाम मत. गावात तर मोठ्या मारुतीची मूर्तीसुद्धा तशाच आभाळातल्या दगडाची मानतात. मग आमच्या चांदणीवर कोण शंका घेणार? मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक मी तिच्याजवळ नेलं होतं, आणि बोटांना ती बारीकशी ओढ जाणवली होती.

पुढे कॉलेजात मी भूगर्भशास्त्र घेतलं. आपल्या साध्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट असतं, म्हणून ती ओढ; भोकं म्हणजे साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातले बुडबुडे. खऱ्या उल्केला बहुधा अशी भोकं नसतात, वर जळल्याची पातळ काळी साय असते. विवर मात्र उल्केचंच, हे १९७३ मध्ये तिथे सापडलेल्या, आघातानेच घडणाऱ्या काचेवरून पटलं. सुट्टीत आल्या आल्या हे सगळं मी आजीला न्हाणीच्या दारात उभं राहून ऐकवलं. तिने ऐकून घेतलं, पाय बदलला आणि म्हणाली, "बरं. जरा पाणी घाल."

आता ते घर नाही. नव्या बांधकामाच्या पायात चांदणीही कुठेतरी गेली असेल. पण आजी गेली त्यानंतरच्या आठवड्यात ती तिथेच होती, कोरड्या पडलेल्या न्हाणीत, बंबाला टेकून, आणि तिच्या भोकाभोकांत आजीच्या टाचांचा पांढुरका मळ साबणासकट वाळून बसला होता. मी एक जुना ब्रश घेतला, बादलीभर पाणी घेतलं आणि एकेक भोक स्वच्छ करत बसलो.