पिंपरीकर

कॉमर्सच्या माणसाला रसायनशास्त्रातलं एकच सूत्र पाठ असतं, एच टू ओ. आणि उन्हाळ्यात तेही नळाला येत नाही. पण बँकेत राहून एक खोड मात्र लागते. मोठी नोट दिसली की मोडून पाहावीशी वाटते. औषधांची नावं मी तशीच मोडतो.

हमायसिन घ्या. (घ्या म्हणजे विचारात घ्या, पोटात काय घ्यायचं ते डॉक्टर सांगतील.) उच्चाराचे तुकडे तीन: ह-माय-सिन. मधे साक्षात माय उभी! पण ती माय खोटी. ‘विद्यालय’ म्हणताना आपण शेवटी ‘लय’ धरतो आणि आत असतं आलय, तसलाच प्रकार. जिभेची फोड वेगळी, अर्थाची वेगळी. अर्थानं पाहिलं तर ह, मायस आणि इन. ‘इन’ हे नुसतं शेपूट, पेनिसिलिनला असतं तेच, आपल्याकडच्या ‘राव’सारखं. ‘मायस’ आलं ग्रीक बुरशीवरून. आणि ‘ह’? एच आणि ए, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स! पिंपरीचा १९५४ सालचा सरकारी कारखाना. तिथे थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१च्या सुमारास हे औषध शोधलं.

आता गंमत पाहा. ज्या जंतूपासून हे निघालं तो बुरशी नव्हेच. त्याच्या जातभाईंचे धागे पाहून जुन्या शास्त्रज्ञांना बुरशी वाटली आणि कुळाला ते नाव चिकटलं. आणि औषध मारतं कोणाला? बुरशीला! आडनाव बुरशीचं आणि जन्मभर दावाही बुरशीशीच. वाड्यात वाढलेल्या पुणेकराला ही भाऊबंदकी समजावून सांगायला नको.

जंतू सापडला पिंपरीच्याच मातीत. म्हणून त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपण चिपळूणकर म्हणतो, सातारकर म्हणतो, तसा हा पिंपरीकर. तेही लॅटिनमध्ये!

आमच्या शाखेत एक गृहस्थ रोज पिंपरीहून लोकलनं येतात. पेठेतली मंडळी अजूनही त्यांना ‘बाहेरगावचे’ म्हणतात. मी त्यांना मधल्या सुट्टीत ही सगळी फोड मोठ्या उत्साहानं ऐकवली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “अहो, तीस वर्षं झाली मला तिथे राहून. मला अजून कोणी पिंपरीकर म्हटलेलं नाही.”