फुफ्फुस कापून दम कसा वाढेल?

एम्फिसिमाचे रुग्ण विचारतात, "डॉक्टर, आधीच दम पुरत नाही, त्यात फुफ्फुस कापायचं?" प्रश्न रास्त आहे. पण या आजारात खराब भागात हवा अडकून तो फुगतो, चांगला भाग दबतो. फुगलेला २० ते ३० टक्के भाग काढला की उरलेल्याला जागा मिळते.

मी मात्र आधी व्यायामाला पाठवतो: चालणं, हातापायांची ताकद, ओठ आवळून श्वास सोडणं. २००३ च्या अमेरिकन अभ्यासात १,२१८ रुग्णांनी आधी हेच केलं. त्यात शस्त्रक्रियेने आयुष्य वाढलं ते मुख्यतः फुफ्फुसाच्या वरच्या भागात आजार असलेल्या आणि व्यायामानंतरही ताकद कमीच राहिलेल्यांचं. आजार सगळीकडे सारखा पसरलेला आणि फुफ्फुसाची क्षमता अगदीच कमी असेल, तर ती जिवावर बेतते. अशांना, नातेवाईकांनी कितीही गळ घातली तरी, मी नाही म्हणतो. बिडी चालू असेल तर विषयच नाही.