छप्पर तेच, उंची तीच

कौलारू घराचं छप्पर बदलायला महापालिकेची परवानगी लागते का? गावठाणात हा प्रश्न विचारला की दोनच उत्तरं मिळतात. एक, "आपलं घर, आपली कौलं, परवानगी कसली?" आणि दुसरं, "कागदांच्या नादाला लागाल तर पावसाळा डोक्यावर येईल." आमच्या घराचं छप्पर बदललं त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हा जे समजलं ते नीट लिहून ठेवते आहे, कारण आमच्या आळीतली उरलेली कौलारू घरंही आता त्याच वयाला आली आहेत आणि त्यांचे मालक हाच प्रश्न मला येऊन विचारतात.

घर उत्तर मुंबईतल्या एका गावठाणात. आजोबांनी बांधलेलं, बैठं, दोन पाख्यांचं. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी. वर मंगलोरी कौलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लांब नाही, त्यामुळे उन्हाळ्यात माकडांच्या टोळ्या पाख्यांवरून धावतात आणि दरवर्षी थोडी कौलं फुटतात. मे महिन्यात माणूस वर चढवायचा, कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं काम.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं आणि पश्चिमेकडच्या पाख्यावरची कौलं जागची हलली. आढ्यावरचे कोने निखळून अंगणात पडले. दुसऱ्या दिवशी सुतार वर चढला. त्याने एक रीप दोन बोटांत धरून मोडली आणि खाली माझ्या हातात दिली. बाहेरून लाकूड, आत नुसता भुसा. वाळवी रिपांमधून वाशांत आणि वाशांतून माजघरावरच्या तुळईपर्यंत पोचली होती. तुळईचं एक टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे पाणी मुरून लाकूड मऊ पडलं होतं. "ताई, या वर्षी ताडपत्रीवर काढा. पुढच्या वर्षी मात्र सगळं उतरवावं लागेल," तो म्हणाला.

तो पावसाळा निळ्या ताडपत्रीखाली गेला. आईची खाट आम्ही पूर्वेच्या खोलीत हलवली. त्याच दिवसांत एक ठेकेदार येऊन गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: कौलं काढून टाका, लोखंडी पाइपांवर रंगीत पत्रे बसवू. शनिवारी संध्याकाळी छप्पर उघडतो, सोमवारी सकाळी बंद. जमलं तर दोन-तीन फूट उंचही घेऊ, माळा निघेल. स्वस्त, झटपट, आणि कोणाला विचारायची गरज नाही. असं काम करणारे पुष्कळ आहेत आणि गरज असलेला माणूस त्यांच्या बोलण्याला भुलतो, यात नवल काही नाही. पण आमच्याच आळीतल्या एका कुटुंबाने हेच केलं होतं. अर्धं छप्पर उघडं असताना त्यांना कलम 354 अ खाली काम थांबवायची नोटीस लागली. पत्रे अंगणात रचलेले आणि घरातली माणसं सामान घेऊन नातेवाइकांकडे, अशी त्यांची अवस्था मी रोज जाता-येता पाहिली होती. माझी आई ऐंशीच्या पुढची. तिला उघड्या छपराखाली ठेवून नोटिशीला उत्तर देत बसण्याची माझी तयारी नव्हती.

ओळखीतले एक निवृत्त इंजिनिअर परवानाधारक सर्व्हेअर आहेत. त्यांनी मला पहिल्या भेटीत कायदाच वाचायला दिला. मुंबईला 1888 चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 342 प्रमाणे असलेल्या बांधकामात वाढ किंवा फेरफार करायचा तर आधी आयुक्तांना नोटीस द्यावी लागते. नेहमीची डागडुजी मात्र त्यातून वगळली आहे, आणि डागडुजी कशाला म्हणायचं हे कलमाच्या खुलाशात लिहूनच ठेवलं आहे. गिलावा, रंग, लाद्या बदलणं, संडास-न्हाणीघराची आणि नळांची दुरुस्ती, आणि त्याच साहित्याने छप्पर दुरुस्त करणं किंवा बदलणं. लगेच पुढे, काय त्यात बसत नाही तेही आहे: घराची आडवी-उभी मापं बदलणं, भार घेणाऱ्या भिंतींचे मुख्य भाग काढणं किंवा बदलणं, जोतं खाली नेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं, छप्पर सपाट करणं किंवा वेगळ्या साहित्याने करणं.

म्हणजे प्रश्नाचं उत्तर "लागते" असंही नाही आणि "लागत नाही" असंही नाही. कौलांच्या जागी कौलं, त्याच उतारावर, त्याच उंचीला घातली तर ती डागडुजी. कौलांच्या जागी पत्रे आले, स्लॅब आला, आढं वर सरकलं, की तो फेरफार. ठेकेदाराने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या दुसऱ्या यादीत होती. ही एवढी ओळ प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लावली तर कितीतरी माणसांचे पैसे आणि हाल वाचतील, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आमचा पेच तुळईचा होता. कौलं, रिपा, वासे हे छपराचेच भाग. तुळई मात्र भिंतीवर बसते, तिच्यावर खुंट उभा, खुंटावर आढं. ती बदलायची तर भिंतीचा वरचा थर उकलून पुन्हा बांधायचा. सर्व्हेअरसाहेबांचा सल्ला असा की या एका तुळईवरून उद्या वाद व्हायला नको, सगळ्याच कामाची दुरुस्ती परवानगी लेखी मागू. सुतार लाकूड महाग म्हणून तुळईच्या जागी लोखंडी आय-बीम सुचवत होता. तोही साहित्याचा बदल ठरला असता, म्हणून आम्ही सागाचाच हट्ट धरला.

मग कागद. घर कधीपासून उभं आहे याचा पुरावा पहिला. मुंबईत जुन्या बांधकामांसाठी दोन तारखा धरतात: निवासी असेल तर 17 एप्रिल 1964 आणि व्यापारी असेल तर 1 एप्रिल 1962. घर त्याआधीचं आहे हे दाखवता आलं की मंजूर नकाशा नसला तरी ते बांधकाम खपवून घेतलेलं, म्हणजे सहन केलेलं, धरलं जातं. लोक यात झोपडपट्टीच्या 1 जानेवारी 2000 या तारखेची गल्लत करतात. तिचा इथे संबंध नाही. आमच्याकडे आजोबांच्या नावाच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या डब्यात होत्या. त्यांच्या आधारे करनिर्धारण खात्यातून उतारा काढला. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि नकाशाची नक्कल घेतली. नकाशात आमच्या घराचा चौकोन आणि त्याच्या मागची पडवी स्पष्ट दिसत होती. ही पडवी त्यात नसती तर तिच्यावरच्या कौलांचं काय झालं असतं, हा विचार करून मला नक्कल हातात आल्यावर फार हायसं वाटलं.

मालमत्ता पत्रकावर वडिलांच्या पश्चात नावं कितीतरी. काकांची मुलं, आत्या, मी, आई. दुरुस्तीला सगळ्यांची संमती हवी. वसईच्या चुलतभावाचं म्हणणं पडलं की आता छपरावर खर्च कशाला, दोन-चार वर्षांत घर पाडून बांधायचंच आहे. त्याला मी एवढंच सांगितलं की ती दोन-चार वर्षं आई या घरात राहणार आहे. त्याने सही केली.

आत्या अलिबागला. तिच्याकडे संमतीपत्र घेऊन मी स्वतः गेले. तिने चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "बाय, याच्यावर सही केली म्हणजे माझं नाव उतरलं, असं नाही ना?" तिचं विचारणं अगदी रास्त होतं. दुरुस्तीचा, वीजजोडणीचा, नळाचा कागद म्हणून बहिणींच्या सह्या घ्यायच्या आणि मागून हक्क सोडल्याचं म्हणायचं, असे प्रकार घराघरांत झालेले तिने पाहिले आहेत. मी तिला सांगितलं की हक्कसोडपत्र वेगळं असतं, त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते, हा तसा कागद नाही. तरी तिथेच बसून संमतीपत्रात एक वाक्य हाताने वाढवलं: ही संमती फक्त छपराच्या दुरुस्तीपुरती आहे, यामुळे कोणाच्याही हिश्श्यात बदल होत नाही. मग तिने ते वाक्य दोनदा वाचून सही केली. नंतर तेच वाक्य मी बाकी सगळ्यांच्या संमतीपत्रांतही घातलं. एकत्र मालकीच्या घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाने ते घालावं, असं मी आग्रहाने सांगते.

अर्जासोबत सर्व्हेअरसाहेबांनी घराचा आराखडा जोडला: आहे तसं घर, आणि काम झाल्यावरचं घर. दोन्ही आकृत्या अगदी सारख्या, आणि त्या सारख्या असणं हाच अर्जाचा मुद्दा. जोत्यापासून वळचणीपर्यंतची उंची, जोत्यापासून आढ्यापर्यंतची उंची, दोन्ही पाख्यांचा उतार, ओटी आणि पडवीची मापं. सोबत चारही बाजूंचे फोटो, पोखरलेल्या वाशांचे आणि तुळईच्या टोकाचे फोटो, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, आणि क्षेत्रफळ व उंची वाढवणार नाही असं हमीपत्र.

इमारत व कारखाने विभागाचे दुय्यम अभियंता पाहणीला आले तेव्हा त्यांनी आल्या आल्या टेप मागितली. माजघरात शिडी लावली, सुताराच्या पोराने टेपचं टोक आढ्याला टेकवलं, खाली साहेबांनी ते जोत्याच्या दगडापर्यंत ताणून धरलं आणि आकडा दिसेल असा फोटो काढला. मग वळचणीला तसंच. वाशात पेचकस खुपसून पाहिला, तो मुठीपर्यंत आत गेला. पडवी नकाशाशी ताडून पाहिली. आईने चहा विचारला, त्यांनी पाणी घेतलं. जाताना म्हणाले, "कौलंच घालणार आहात ना? मग मापं तेवढी सांभाळा. काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर आम्हाला लेखी कळवा."

पत्र आलं त्यात याच अटी होत्या. तेच साहित्य, तीच मापं, राडारोडा रस्त्यावर टाकायचा नाही, शेजाऱ्यांच्या भिंतीला धक्का लागला तर जबाबदारी आमची. आणि एक अट अशी की ही परवानगी म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा किंवा मालकीचा पुरावा समजू नये. ही अट वाचून काही लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. परवानगी दुरुस्तीची मागितली, दुरुस्तीचीच मिळाली. मालकी मालमत्ता पत्रक सांगतं.

काम फेब्रुवारीत काढलं. कौलं उतरवताना सुताराने माणसांची साखळी लावली. वरचा माणूस कौल सोडवायचा, शिडीवरचा झेलायचा, खालचा ते पालथं करून टिचकी मारायचा. खणखणीत आवाज आला तर डावीकडे, बद्द आवाज आला तर उजवीकडे. प्रत्येक कौलाच्या पोटाला कारखान्याचं नाव आणि मंगलोर हा शब्द उठवलेला. बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे नेत्रावतीच्या मातीची ही कौलं समुद्रमार्गे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. डावीकडचा ढीग उजवीकडच्यापेक्षा पुष्कळ मोठा झाला. इतक्या पावसाळ्यांनंतरही बहुतेक कौलं शाबूत होती, सडलं होतं ते लाकूड. ठेकेदाराचं ऐकलं असतं तर ही सगळी कौलं भंगारात गेली असती.

कमी पडली ती जुन्या घरांच्या पाडकामातली मिळाली. तुळईसाठी रे रोडच्या लाकूड बाजारातून जुना साग आणला. जुना साग मुरलेला असतो, वाकत नाही. नव्या वाशांना आणि रिपांना वाळवीचं औषध दोन हात मारलं. रिपांचं अंतर जुन्या कौलांच्या मापाने ठेवलं, कारण अंतर बोटभर चुकलं तरी कौल कौलात बसत नाही. तुळई भिंतीत शिरते तिथे यावेळी दगडी चौथरी दिली, म्हणजे पुन्हा ओल धरायची नाही. आढं चढवताना सर्व्हेअरसाहेब मुद्दाम हजर राहिले आणि तीच टेप, त्याच दगडापासून पुन्हा लावली.

काम चालू असताना कोणी तरी तक्रार केली. वॉर्डातून माणूस आला, मी परवानगीचं पत्र दाखवलं, त्याने फोटो काढला आणि तो गेला. दारात उभं राहून झालेलं हे दोन मिनिटांचं बोलणं. एवढ्यासाठीच ते पत्र मिळवलं होतं. काम पूर्ण झाल्याचं कळवलं, पोच घेतली, पोच फाईलला लावली. जूनच्या पहिल्या पावसात आईची खाट माजघरात आपल्या जागी होती.

ज्यांचं घर कौलारू आहे त्यांनी छप्पर गळायची वाट पाहू नये. मालमत्ता पत्रक, भूमापनाच्या नकाशाची नक्कल आणि जुन्या घरपट्टीचा उतारा आजच काढून ठेवा. पत्रकावर वारसांची नावं लागली नसतील तर ती आधी लावा, त्याला सगळ्यात जास्त वेळ जातो. जाणत्या माणसाकडून घराची मापं घ्या, आढ्याला टेप लावून फोटो काढा. आणि अर्ज दिवाळी झाली की लगेच करा. एप्रिल-मे महिन्यात सुतारही मिळत नाही आणि साहेबही.