सात क्विंटल कापसाची बॉडी

मंडळी, आज बोंडअळी नाही, तूर नाही, हरभऱ्यावरची घाटेअळीही नाही. आज फायबरच्या गाडीवर लिहितो. शेतीच्या पेजवर गाडी कायले, असं कोणी म्हणेल. पण पैसा कापसाचाच जाणार आहे, म्हणून विषय आपलाच आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन पोट्ट्यांनी मला हेच विचारलं. त्यातला एक माझा भाचा.

लग्नाच्या लॉनवर नवरा-नवरीच्या एन्ट्रीला जुन्या जमान्यातली गाडी येते ना, लांब नाकाची, बाहेर निघालेल्या मडगार्डची, मोठ्या गोल दिव्यांची, वरून उघडी, ती बहुतेक वेळा जुनी नसतेच. वरचं सगळं फायबर असतं, म्हणजे काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिन. साच्यातून काढलेलं नुसतं टरफल. इंजिन नाही, चाक नाही, सीट नाही. हे टरफल कारखान्यातून विकत मिळतं आणि खालची गाडी आपण बनवायची. भाच्याला ५६ हजार भाव सांगितला. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, त्या हिशोबानं पावणेसात-सात क्विंटल कापूस. आपल्या कोरडवाहू रानात हा एक-दीड एकराचा माल झाला, आणि वेचाईची मजुरी त्यातून अजून वजा व्हायची आहे.

त्याचं म्हणणं सोपं होतं. "मामा, पह्यले बॉडी आणून ठेवू. बाकीचं मंग पाहू."

मी म्हटलं, उलटं कर. खाली काय राहणार, ते आधी सांग.

त्याच्या डोक्यात जुनी मारुती ८०० होती. स्वस्तात मिळते, तिची बॉडी कापायची आणि हे टरफल वर ठेवायचं. इथंच बरेच जण फसतात. मारुती ८०० ला वेगळी चेसिस नसतेच. तिचा पत्रा, फरशी, खांब, छत हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं आणि तेच वजन पेलतं. वरचा भाग कापला की खाली उरते ती लवचणारी फरशी. ओम्नीचं तसंच, आणि ॲम्बॅसेडर दिसायला एवढी दणकट, पण तिचंही तसंच. याउलट जिप्सी किंवा जुनी महिंद्रा जीप घ्या. खाली दोन लांब लोखंडी दांड्या आणि त्यांना आडवे जोड. आपल्या बंडीसारखं समजा. वरच्या फळ्या काढल्या तरी बंडी उभी राहते. फायबरचं टरफल अशाच गाडीवर बसतं, नाही तर चौकोनी पाइपाची चेसिस नवीन बनवावी लागते. फायबर स्वतःचं वजन सांभाळतं, पण माणसांचं आणि खड्ड्यांचं नाही.

आता कायदा. हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण पैसे इथंच बुडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलं आहे आणि कंपनीनं जशी गाडी बनवली, त्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे जिप्सीच्या आरसीवर १९३० सालच्या तोंडाची गाडी यवतमाळच्या रस्त्यावर फिरवली, तर एमएच-२९ ची पाटी खरी असली तरी गाडी खोटी. आरसीच नसलेल्या जुगाड गाडीबद्दलही २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं आहे की तीसुद्धा मोटार वाहनच आहे आणि नियम तिलाही लागू. नवीन मॉडेल म्हणून पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी करून घेणं हा कंपन्यांचा रस्ता आहे. एका गाडीसाठी आपल्याला तो परवडत नाही. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं देणं हा गुन्हा वेगळाच.

भाचा म्हणाला, मग त्या सांगलीच्या माणसाचं कसं चाललं? तर ते पूर्ण ऐका. देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून साठेक हजारात छोटी जीप बनवली, मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण त्याच वेळी हेही लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून त्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिली. जीप कंपनीकडे गेली. व्हिडिओ पाहणाऱ्यांना बोलेरो लक्षात राहिली, मधलं वाक्य नाही. दरवेळी कोणी बोलेरो घेऊन येत नाही, भाऊ.

मग भाच्याचं स्वप्न मोडायचं का? नाही. कायद्यात मोटार वाहनाची व्याख्या आहे, तिच्यातून कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेलं खास वाहन वगळलेलं आहे. लॉनची एन्ट्री गेटच्या आतच होते. गेटपासून स्टेजपर्यंत फार तर दीडशे पावलं, आणि फोटोवाला दहा वेळा थांबवतो. त्याला वेग लागतच नाही. म्हणून आमचं ठरलं असं: पाइपाची चेसिस, ई-रिक्षाची मोटर, कंट्रोलर आणि मागचा एक्सल, ४८ व्होल्टसाठी बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या. गाडी पिकअपमध्ये टाकून न्यायची, लॉनच्या आत उतरवायची, आतच चालवायची, परत चढवायची. रस्त्यावरची वरात घ्यायची नाही, कोणी दुप्पट पैसे दिले तरी. यवतमाळच्या आरटीओत जाऊन हे एकदा तोंडी विचारून ये, असंही मी त्याला बजावलं आहे.

चेसिसचा नकाशा झाल्यावर आम्ही बॉडी पाहायला गेलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. फायबरचं तसंच, वरची चमक कोणीही आणतो. आधी बॉडी उलटी करायला लावली आणि टॉर्च मारला. आत पांढरे कोरडे धागे दिसले तर तिथं रेझिन मुरलेलं नाही, ती जागा पुढं फुटणार. मग रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडं टकटक केलं. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर थर सुटलेले किंवा मधात हवा अडकलेली. मागच्या मडगार्डच्या वळणावर दोन ठिकाणी बद्द आवाज आला. कारखानदार भला माणूस, त्यानं खडूनं खुणा केल्या आणि दुरुस्त करून देतो म्हणाला. रंगाच्या बाजूनं ॲसिटोनचा बोळा घासला. वरचा थर नरम पडला किंवा चिकट झाला असता, तर माल कच्चा. साच्यातून काढून आठ-दहा दिवस झाले तरी नाक झोंबणारा वास येत असला, तरी तेच समजा. थंडीत रेझिन हळू पिकतं, म्हणून जानेवारीतला माल घाईनं साच्याबाहेर काढू देऊ नका. वाकडा होतो आणि मग दार बसत नाही. दोन्ही बाजूच्या दाराची मोकळी जागा कोपऱ्या-कोपऱ्यात दोरीनं मोजा, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत.

आणि वजन करा. हे मला कोणी सांगितलं नाही, आपल्या काट्याची सवय आहे म्हणून सुचलं. बॉडीचं क्षेत्र साधारण १० चौरस मीटर धरा. ४५० ग्रॅमची चटई, तीन थर, म्हणजे साडेतेरा किलो काच. तिला दोन ते अडीच पट रेझिन, म्हणजे २७ ते ३४ किलो. वरचा रंगाचा जेलकोट पाच-सहा किलो. एकूण पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. विकणारा तीन थर म्हणतो आणि काटा पस्तीस दाखवतो, तर थर दोनच आहेत. काटा पंच्याहत्तर दाखवतो, तर खुश होऊ नका, रेझिनची डबकी साचली आहेत किंवा खडूची पावडर घातली आहे. कापसात पाणी मारून वजन वाढवतात तसंच. आमची ४१ भरली. विचारल्यावर कबूल झालं की बाजूच्या भागात दोनच थर आहेत. आता तिसरा थर टाकून मिळणार आहे, भाव तोच.

शेतकऱ्याला फायबर नवीन नाही. कूलरची बॉडी, उजेडासाठी टाकलेला फायबरचा पत्रा, गोबरगॅसची टाकी, सगळं त्याच जातीचं. पत्रा पाच-सात उन्हाळ्यांत कसा पांढरा पडतो आणि धागे वर येतात, ते आपण पाहिलंच आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४४-४५ ला जातो, आणि उन्हात उभ्या काळ्या पृष्ठभागाचं तापमान त्याहून कितीतरी वर. तापलं की साध्या रेझिनचा ताठपणा कमी होतो. भाच्याला काळी-लाल गाडी पाहिजे होती. मी क्रीम रंगावर अडून बसलो. आणि झाकायला ताडपत्री नको, सावली पाहिजे.

फायबर हलकं काम आहे असा समज असेल तर तोही काढा. बंगळुरूच्या सिपानी कंपनीनं १९८० च्या दशकात डॉल्फिन नावाची फायबर बॉडीची मोटार भारतात विकली होती. सामान चालतं, फक्त त्याच्या रीतीनं वागवावं लागतं. त्यात सरळ स्क्रू मारला तर तो काही महिन्यांत भोक मोठं करून बाहेर येतो. बिजागरीच्या जागी थरांच्या मधात लोखंडी पट्टी गाडून घ्या, बोल्टला रुंद वायसर लावा. चेसिस आणि बॉडीच्या मधात रबर पाहिजे, भोक थोडं मोठं पाहिजे, नाही तर चेसिस पिळली की जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. वायरमन पत्र्याच्या गाडीत दिव्याची अर्थिंग बॉडीलाच देतो. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी ओढावी लागते.

दुरुस्ती घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजकुहिलीसारखी लागते आणि छातीत जाते. २०१७ च्या फवारणीतली माणसं आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहेत, मास्क का लावायचा हे मी वेगळं सांगत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: रेझिन पिकवायला एमईकेपी नावाचं हार्डनर लागतं, किलोला १० ते २० मिली, आणि कोबाल्टचं ॲक्सिलरेटर. हे दोन एकमेकांत सरळ कधीच मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगल लावा.

आणि लग्नात आग असतेच. पिकलेलं रेझिन पेटतं आणि काळा धूर सोडतं. एन्ट्रीला बाजूनं अनार लावायची जी पद्धत आली आहे, ती आमच्या गाडीजवळ चालणार नाही. भाच्यानं बुकिंगच्या कागदावर ते लिहून घ्यायचं आहे. सवाशेक किलोच्या बॅटऱ्या सीटखाली आहेत आणि वर शालू नेसलेली कोणाची तरी लेक बसलेली आहे.

फुलसावंगीची आठवण मी त्याला मुद्दाम दिली. महागाव तालुक्यातला, वेल्डिंगच्या कामावरचा शेख इस्माईल, ज्याला लोक मुन्ना म्हणायचे, त्यानं स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बनवलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना तुटलेल्या पात्यानं गेला. त्याच्या हातातल्या कलेबद्दल शंका घेणारा मी कोण? पण त्याच्या अन् चाचणीच्या मधात उभं राहणारं कोणी नव्हतं. गाडी हेलिकॉप्टर नाही, तरी लॉनवर लहान पोरं चाकापुढं नाचत असतात. म्हणून चेसिस झाली की आधी बॉडीशिवाय, चार पोती सिमेंट ठेवून, आमच्या खळ्यावर ब्रेक पाहायचे. उतारावर पाहायचे, ओल्या गवतावर पाहायचे. कंट्रोलरचा वेग माणसाच्या चालीवर बांधायचा आणि त्याची चावी माझ्याकडं. भाच्याला हे शेवटचं आवडलं नाही. तोंड पाडून म्हणाला, "मामा, गाडी माही अन् चावी तुमची?" मी हाव म्हटलं.

बयाणा पंधरा हजार दिला आहे, पावतीवर तीन थर, बिजागरीच्या पट्ट्या आणि क्रीम रंग लिहून घेतला. बाकी पैसे माल काट्यावर चढल्यावर. आणायला पिकअप उघडी न्यायची, खाली कापसाच्या रिकाम्या पोत्यांचा थर, चार ठिकाणी आधार, आणि दोरी बॉडीवरून आवळायची नाही, खालच्या लाकडी चौकटीला बांधायची. चेसिसचा पाइप काल दारव्ह्याहून आला. वेल्डर सोमवारी येतो म्हणाला आहे, वीज राहिली तर.