आपल्या नांवावर काय?

अमरावती-अकोल्याकडील एकत्र कुटुंबांत संत्र्याच्या मृग बहाराचा पैसा, वाड्याचें भाडें, पेन्शन हें सारें एकाच तिजोरींत पडतें. कोणाचें किती, हें विचारणेंही आम्ही कमीपणाचें मानतों. परदेशीं वास्तव्याचा परवाना मागतांना मात्र हाच प्रश्न पुढें येतो. पोर्तुगालांत नोकरीवांचून भाडें वा पेन्शन यांवर राहूं इच्छिणाऱ्यास तो मिळूं शकतो. 2025 सालीं त्यासाठीं तेथील किमान वेतनाइतकें, म्हणजे दरमहा 870 युरो, नियमित उत्पन्न दाखवावें लागे. बहाराचा सौदा पुष्कळदां रोखीनें होतो आणि सातबारा थोरल्यांच्या नांवें असतो. मग धाकट्या जावेनें वा विधवा आत्यानें आपला वाटा सिद्ध कसा करावा? वाटा कागदावर आला म्हणून जिव्हाळा आटत नाहीं. जाणें न जाणें मागाहून ठरेल. घरांतील प्रत्येकाच्या नांवावर कांहीं असावें, असें आम्हांस वाटतें.